चहा आणि परसातले पाहुणे

(बी. ए. द्वितीय वर्ष)

‘काखेत कळसा अन् गावाला वळसा’ ही म्हण आपण सर्वांनी शाळेत पाठ केली आहे. तिचा वाक्यात उपयोग करून दोन गुणही मिळवले आहेत. पण ती म्हण आपल्याच घराला लागू पडते, हे कळायला मला कॉलेजचे पहिले वर्ष संपावे लागले.

त्याचे असे झाले. पहिल्या वर्षाचा शेवटचा पेपर आटोपला त्या संध्याकाळी आम्ही चार मैत्रिणी शहराच्या पश्चिम भागातल्या एका नव्या चहाच्या दुकानात गेलो. काचेचे दार, आत थंडगार हवा आणि हातात चहाची छापील यादी! त्या यादीत पंचवीस-तीस प्रकारचे चहा होते. त्यांतला ‘लेमनग्रास टी’ कसा असतो हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. किंमत एका कपाला १२० रुपये. चौघींनी मिळून एकच कप मागवला. पहिला घोट घेतला आणि मी चमकलेच. तो वास माझ्या जन्मापासूनच्या ओळखीचा होता. “अगं, हा तर आमच्या मोरीच्या पाण्यावरचा गवती चहा!” असे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण मी बोलले नाही. लाज वाटली. ती नेमकी कशाची वाटली, याचा विचार मी घरी येईपर्यंत बसमध्ये करीत होते. प्रस्तुत लेख त्या विचारातूनच निघाला आहे.

आमचे घर पूर्व नागपुरात आहे. बाबा कळमना बाजारात हमाली करतात, आई दोन घरचा स्वयंपाक करते. घराला दोन खोल्या आणि मागे बारा फूट रुंद, अठरा फूट लांब असे परस. त्या परसात एक कडुनिंब, एक जास्वंद, फुटक्या कुंडीतली तुळस आणि मोरीचे पाणी जाते तिथे गवती चहाचे दाट बेट. उन्हाळ्यात मागच्या खिडकीला बाहेरून कूलर लागतो. एवढाच आमचा बागबगीचा. दिवाळीनंतर परसात एक खोली बांधून ती भाड्याने द्यायची, असे बाबांनी तेव्हाच ठरवले होते. त्या भाड्यातून माझे तिसरे वर्ष आणि धाकट्या भावाची बारावी निघणार होती. तेव्हा मी मनाशी म्हटले, परस जाणारच आहे तर जाण्यापूर्वी एकदा ते नीट पाहून घ्यावे. त्यातला चहा चाखावा आणि तिथे कोण कोण येते ते लिहून ठेवावे. सुट्टीतले चाळीस दिवस मी हा उद्योग केला. माझी गुरू होती माझी आजी.

चहा एक, वास अनेक

प्रथम चहाविषयी. हिरवा चहा, काळा चहा, महागडा चहा, टपरीवरचा चहा हे सगळे एकाच झुडपाच्या पानांपासून होतात. त्याचे शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस. पाने खुडल्यावर चुरडून हवेत ठेवली की त्यांच्यातील द्रव्यांचा प्राणवायूशी संयोग होतो, रंग काळपट होतो आणि काळा चहा तयार होतो. पाने लगेच तापवून ही क्रिया थांबवली की हिरवा चहा. आपण किराणा दुकानातून आणतो ती दाणेदार पत्ती ‘सीटीसी’ पद्धतीची असते. दातेरी रुळांमधून पाने चिरडून, फाडून, वळवून ती बनवतात. ही पद्धत १९३० च्या सुमारास आसामात निघाली. या पत्तीचा रंग भरकन उतरतो आणि ती दूध-साखर चांगली पेलते. म्हणूनच ती घरोघरी पोचली.

आपल्या विदर्भात चहाचे झुडूप पिकत नाही. पत्ती आसामची नाहीतर बंगालची. मग चहा ‘आपला’ होतो कशाने? माझ्या मते वासाने. कोरडी चहापत्ती आजूबाजूचा वास ओढून घेते. त्यामुळेच ती हिंगाच्या डब्याशेजारी ठेवायची नसते. चीनमध्ये मोगऱ्याच्या जातीच्या कळ्या रात्रभर पत्तीत मिसळून ठेवतात. रात्री कळ्या उमलतात आणि त्यांचा सुगंध पत्तीत उतरतो. विलायतेतल्या ‘अर्ल ग्रे’ चहाला बर्गमॉट नावाच्या लिंबाच्या जातीच्या फळाच्या सालीतील तेलाचा वास देतात. आपली रीत याहून सोपी. जे हाताशी असेल ते पाण्यात टाकायचे आणि उकळायचे.

गवती चहाची गंमत अशी की नावात चहा असूनही त्याचे चहाशी काहीच नाते नाही. ते गवत आहे. ज्वारी, गहू, ऊस यांच्या कुळातले. त्याच्या पानांतील तेलात सिट्राल हे द्रव्य मुख्य असते. लिंबाच्या सालीतही ते थोडे असते. त्यामुळेच इंग्रजांनी या गवताच्या नावात लिंबू आणले आणि आपण चहा आणला.

नाकाची परीक्षा

चव घेणे ही शिकण्याची गोष्ट आहे, हे मला आजीमुळे कळले. आजी भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. शाळेत कधी गेली नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे तिला माणूस आकारावरून ओळखू येतो, चेहऱ्यावरून नाही. एके दिवशी मी तीन कप केले. एकात गवती चहा, एकात तुळस, एकात वेलची. तिने कप ओठांना न लावताच तिन्ही नावे सांगितली आणि वर म्हणाली, “वेलची जुनी हाये वं पोरी, सालंच राह्यलं त्यात.” मी डबा पाहिला. खरोखरच दाणे वाळून गेले होते.

आपले पूर्वज सहा रस मानत. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू आणि तुरट. आधुनिक शास्त्र पाच मूळ चवी मानते. त्यांत गोड, आंबट, खारट, कडू या चार आणि पाचवी उमामी, म्हणजे मटणाच्या रश्शात किंवा पिकल्या टोमॅटोत जाणवणारी चव. तिखट आणि तुरट यांना शास्त्रज्ञ चव म्हणत नाहीत. ती तोंडातील त्वचेला होणारी जाणीव आहे. चहा तर आपल्याला तुरट लागतो. त्याचे कारण असे की चहातील टॅनिनच्या जातीची द्रव्ये लाळेतील प्रथिनांना चिकटतात आणि तोंड ओढल्यासारखे होते. दूध घातले की त्यातील प्रथिने या द्रव्यांना आधीच धरून ठेवतात. दुधाचा चहा मवाळ लागतो तो यामुळे.

मग गवती चहाची, वेलचीची, तुळशीची ‘चव’ ती कोणती? वाचकांनी एक सोपा प्रयोग करून पाहावा. नाक चिमटीत धरून गवती चहाचा घोट घ्यावा. गोड लागेल, थोडे तुरट लागेल, बाकी काही नाही. आता नाक सोडावे. क्षणात गवती चहा ‘येतो’. तोंडातली वाफ घशामागून नाकात जाते आणि आपण तिला चव समजतो. व्यावसायिक चहा-परीक्षक घोट घेताना भुरका मारतात तो याचसाठी. हवेबरोबर वास नाकापर्यंत जातो. लहानपणी भुरका मारल्याबद्दल आपण मार खाल्ला असेल, पण शास्त्र आपल्याच बाजूचे होते! परीक्षकांच्या या कामासाठी १९८० साली एक आंतरराष्ट्रीय मानकही ठरले. दर १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम पत्ती आणि ६ मिनिटे वेळ. मी वजनकाट्याऐवजी चमचा वापरला, पण चमचा तोच, कप तोच आणि वेळ तीच ठेवली. तुलना करायची तर एकच गोष्ट बदलावी, बाकीच्या तशाच ठेवाव्यात, हा नियम मला त्यातून समजला.

सात दिवस, सात चहा

पहिल्या आठवड्यात आम्ही रोज एक चहा चाखला. गवती चहाची पाने ताजी, हाताने पिळून टाकली तर वास दुप्पट येतो. तुळशीची पाने शेवटी घालावीत. फार उकळली तर सुगंध वाफेबरोबर निघून जातो आणि कडवटपणा तेवढा मागे राहतो. वेलचीचेही तेच. कुटून शेवटी घालावी आणि झाकण ठेवावे.

आल्याने एकदा माझी फजिती केली. दुधात आले किसून घातले आणि दूध फाटले. आल्यात दुधातील प्रथिने तोडणारा एक पाचक पदार्थ असतो. तो उकळल्याने निष्प्रभ होतो. तेव्हा आले आधी पाण्यात चांगले उकळावे, मग दूध घालावे. आईला हे ठाऊक होते, कारण मात्र ठाऊक नव्हते. मला कारण पुस्तकात मिळाले, पण दूध मी फाडले! सुंठ आल्याहून अधिक झणझणीत लागते, कारण वाळताना आल्यातील तिखट द्रव्याचे रूप बदलून ते अधिक जहाल होते.

पुदिन्याच्या कुळातील काही वनस्पतींत मेंथॉल असते. त्याने तोंड गार पडल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात काहीच गार होत नाही. थंडी ओळखणारे जे मज्जातंतू आपल्या तोंडात असतात त्यांना मेंथॉल जागे करते, तसेच मिरची उष्णता ओळखणाऱ्या तंतूंना जागे करते. तापमान आणि स्पर्श यांची जाणीव करून देणाऱ्या अशा ग्राहकांच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूशियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

सातवा चहा मात्र खास नागपुरी, संत्र्याच्या सालीचा. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येतात. बाबा डागी संत्री घरी आणतात. आई साले धुऊन टिनावर वाळत घालते. मार्चच्या उन्हात ती दोन-तीन दिवसांत कडकडीत होतात. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याची फोड सगळे खातात, पण सुगंधी तेलाच्या पिशव्या सालीत असतात. बिनदुधाच्या चहात सालीचा बोटभर तुकडा पुरे. जास्त घातला तर चहा कडू होतो. आजीने या चहाला पहिला नंबर दिला. मी गवती चहाला दिला. त्या दुकानातल्या लाजेची भरपाई म्हणून दिला असेल, हे मी कबूल करते.

उन्हाशी झुंज, युक्ती एकच

कोणी विचारील, नागपूरच्या मे महिन्यात गरम चहा कशाला? आमच्या शहराचे या महिन्यातले सरासरी कमाल तापमान ४२ अंशांच्या वर असते. २३ मे २०१३ रोजी ते ४७.९ अंशांवर गेले होते. ३० मे २०२४ रोजी तर एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर गाजावाजा झाला. तो यंत्राचा दोष होता असे हवामान खात्याने नंतर स्पष्ट केले. पण आम्हा नागपूरकरांना तो आकडा क्षणभर खरा वाटला, यातच सारे आले.

ओटावा विद्यापीठातील संशोधकांचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की गरम पेय घेतल्यावर घाम इतका वाढतो की, तो पूर्ण वाळू शकला तर, शरीरात साठणारी उष्णता उलट कमी होते. यातील ‘वाळू शकला तर’ ही अट महत्त्वाची आहे. नागपूरचा मे कोरडा, घाम पाहता पाहता वाळतो. मुंबईच्या दमट हवेत तो ओघळतो आणि वाया जातो. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला एक कॅलरी उष्णता पुरते, पण त्याच पाण्याची अंगावर वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी लागतात. ही उष्णता अंगातूनच जाते. अर्थात चहा म्हणजे पाणी नव्हे. उन्हात हिंडणाऱ्याने भरपूर पाणी प्यायलाच हवे.

आता जरा आजूबाजूला पाहा. माठ पाझरतो म्हणून आतले पाणी गार होते. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी झिरपते, तिच्यातून येणारी कोरडी हवा पाण्याची वाफ करते आणि स्वतः थंड होते. माणसाचा घाम, माठ, कूलर या तिघांची युक्ती एकच आहे. परसात बसल्यावर मला चौथा, पाचवा, सहावा भागीदारही दिसू लागला.

दुपारी दोनच्या सुमारास साळुंकी भिंतीच्या सावलीत चोच उघडी ठेवून बसते. प्रथम मला वाटले, ती आजारी आहे. पण पक्ष्यांना घामाच्या ग्रंथीच नसतात. चोच उघडून भराभर श्वास घेतला की तोंड-घशातील ओलाव्याची वाफ होते आणि अंग निवते. पंखही ती अंगापासून किंचित दूर धरते. कूलरखालच्या ओल्या जागेवर मधमाश्यांची रांग लागते. त्या पाणी पोळ्यात नेऊन थेंबाथेंबाने पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. म्हणजे त्यांच्या घरीही कूलर असतो! खारीला ही युक्ती फारशी साधत नसावी. ती मोरीच्या गार फरशीवर चारी पाय पसरून पोट टेकवून निजते. या सर्व युक्त्यांची किंमत मात्र एकच, पाणी. ज्या जिवाजवळ पाणी नाही त्याला निवता येत नाही. उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी पाणी ठेवा असे फलक आपण वाचतो. त्यामागचे शास्त्र हे असे आहे.

पाहुण्यांची हजेरी

चाळीस दिवसांत माझ्या वहीत १६ जातींचे पक्षी नोंदले गेले. त्यांतले अकरा आजीने आवाजावरून सांगितले. तिला ते दिसत नव्हतेच. चहा नाकाने आणि पाखरू कानाने, ही तिची पद्धत. तिची नावे आणि पुस्तकातली नावे जुळवायला मी मारुती चितमपल्ली यांच्या ‘पक्षिकोशा’चा आधार घेतला. वनखात्यात आयुष्य घालवलेले, अनेक वर्षे नागपुरात राहिलेले चितमपल्ली यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. रानातल्या माणसांच्या तोंडची नावे त्यांनी ग्रंथात आणली. आजी ज्याला ‘टुकटुक्या’ म्हणते तो ग्रंथातला तांबट आहे हे कळले तेव्हा मला परीक्षेत पास झाल्यासारखे वाटले.

पहाटे साडेपाचला दयाळ गातो. काळा-पांढरा, शेपटी उभारणारा. त्याच्या गाण्यावर आमचा पहिला चहा होई. ऊन वर आले की जास्वंदीवर शिंजीर येतो. नर या दिवसांत झळाळत्या जांभळ्या-काळ्या रंगाचा असतो. आपण भुरका मारून चहा पितो, तर हा वाकड्या चोचीने फुलातला मध शोषतो. त्याच जास्वंदीवर शिंपी पक्ष्याने दोन पाने धाग्यासारख्या तंतूंनी शिवून घरटे केले होते. रोज फुले तोडणाऱ्या आईलाही ते तीन दिवस दिसले नाही.

अकरा ते चार परस ओस पडते. तांबट तेवढा निंबाच्या शेंड्यावरून तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारावी तसा टुक्-टुक् करीत असतो. कोकीळ मधूनच ओरडतो. गाणारा तो काळा नर. मादी तपकिरी, ठिपक्यांची आणि आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालणारी. याच वेळी कूलरखाली गर्दी होते. एका दुपारी दोन ते तीन या तासात १९ वेळा पक्षी पाण्यावर आले. साळुंक्या, लालबुड्या बुलबुल, चिमण्या आणि सातभाई. सातभाई नेहमी घोळक्याने येतात. बाकीचे पाणी पीत असता एखादा उंच बसून पहारा करतो आणि मांजर दिसले की कलकलाट करतो. कुंभारीण माशी कूलरखालचा ओला चिखल गोळ्या करून नेते आणि खिडकीच्या चौकटीत गाडग्यासारखे घर बांधते. सरड्याचा गळा या दिवसांत लाल होतो. तो रक्त शोषतो ही समजूत खोटी आहे. मादीला दिसावे म्हणून नराने केलेली ती सजावट आहे.

नवतपा संपत आला तेव्हा एका पहाटे दूरवरून पावशाचा आवाज आला. आजी उठून बसली. “पेरते व्हा म्हणते तो,” ती म्हणाली. तिचे शेत विकले त्याला कित्येक वर्षे झाली. तरी त्या सकाळी तिने बियाण्याच्या गोष्टी काढल्या आणि चहा निवून गेला.

एक चूक आणि काही सूचना

या उद्योगात माझ्याकडून एक वाईट चूक झाली, ती सांगणे माझे कर्तव्य आहे. सुरुवातीला मी पाणी स्टीलच्या ताटलीत, उन्हात ठेवले. ते चहाच्या आधणासारखे तापले आणि कोणी फिरकले नाही. म्हणून मी मोठा प्लास्टिकचा टब काठोकाठ भरून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात खारीचे एक पिल्लू बुडून मेलेले सापडले. टबाच्या गुळगुळीत कडेवर त्याला चढता आले नसावे. त्या दिवशी वहीत मी काहीच लिहिले नाही. आजी एवढेच म्हणाली, “पानी ठेवलं, पन पाय ठेवाले जागा ठेवली नाही.”

तेव्हा ज्यांना हे करायचे आहे त्यांनी भांडे मातीचे आणि पसरट घ्यावे. ते पाझरते आणि पाणी गार राहते. खोली दोन-तीन बोटांहून जास्त नको, आणि मध्ये एक दगड ठेवावा. भांडे सावलीत, पण झुडपापासून थोडे दूर असावे, म्हणजे मांजर दबा धरून बसणार नाही. पाणी रोज बदलावे, नाहीतर डास होतात. घरट्याला हात लावू नये, जवळ जाऊन फोटो काढू नयेत. पाहण्यासाठी दुर्बीण लागत नाही. एक कप चहा संपायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ हालचाल न करता बसावे. चहा गरम असला म्हणजे घाई करता येत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे.

परसाचे काय झाले?

दिवाळीनंतर गवंडी आला आणि त्याने दोरी धरली. खोलीची भिंत निंबाच्या बुंध्यावरूनच जात होती. त्या रात्री बाबांनी माझी वही मागून घेतली. बाबा चौथीपर्यंत शिकलेले. एकेक शब्द जुळवत वाचतात. बराच वेळ ते पाने उलटत होते. “इतके येतात का आपल्या घरी?” एवढेच त्यांनी विचारले. सकाळी त्यांनी गवंड्याला भिंत दोन फूट आत घ्यायला सांगितली. खोली लहान झाली. भाडे महिन्याला दोनशे रुपयांनी कमी येईल, असे गवंड्याचे म्हणणे पडले.

निंब वाचला. जास्वंद मात्र तोडावी लागली आणि शिंप्याचे ते घरटेही गेले. मोरीचे पाणी आता नळीने जाते. गवती चहाचे बेट उपटून मी फुटक्या पिंपात लावले. निम्मे वाळले, निम्मे जगले आहे. खोली झाली याचे मला वाईट वाटते असे म्हणणे खोटेपणाचे होईल. तिच्या भाड्यातूनच मी पुढच्या वर्षी तुमच्याबरोबर वर्गात बसणार आहे. जास्वंद तोडताना वाईट वाटले हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी एकाच परसातल्या आहेत आणि त्यांची वजाबाकी मला अजून जमलेली नाही.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरामागे असा एखादा तुकडा असेल. तोही उद्या कोणत्या तरी न्याय्य कारणासाठी जाईल. जाण्यापूर्वी एक उन्हाळा तिथे कप घेऊन बसा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा. पिंपातला गवती चहा उन्हाळ्यापर्यंत पुन्हा दाट होईल असे आजीचे म्हणणे आहे. त्या दिवशीच्या तिघी मैत्रिणींना मी आता खरे काय ते सांगितले आहे आणि एप्रिलमध्ये चहाला घरी बोलावले आहे.